डाव्या कडेचे नाव

छापखान्यात त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. तोंडावर 'काका', पाठीमागे 'भिंग', आणि एखादे पान तिसऱ्यांदा दुरुस्तीला परत आले की आणखीही काही, जे इथे लिहिण्यासारखे नाही. ते मुद्रितशोधक होते. छापण्याआधी प्रत्येक पान वाचायचे आणि त्यातल्या चुका काढायच्या, हे त्यांचे काम. ह्या कामाला लागणारा मुख्य गुण म्हणजे संशय, आणि तो भिंगकाकांकडे गरजेपेक्षा जरा जास्तच होता. औषधाच्या बाटलीवरची तारीख ते भिंगातून वाचत, आणि मग दुकानदाराचा चेहराही तसाच वाचत. फोनवर कुणी "मी बोलतोय" म्हटले की "ते कशावरून?" असे विचारत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायको "डोकं दुखतंय" म्हणाली, तेव्हा त्यांनी "नक्की दुखतंय ना?" असे विचारले होते. ती गोष्ट काकू अजून चारचौघांत सांगत.

छापखाना ग्रंथमंडळाचा होता. मंडळाचे काम एकच, धर्मग्रंथ छापायचा आणि स्वस्तात लोकांपर्यंत पोहोचवायचा. मूळ ग्रंथाची भाषा दोन-चार विद्वान सोडले तर आता कुणाला येत नव्हती, म्हणून प्रार्थनागृहात सगळे त्याचे इंग्रजी भाषांतरच वाचत. हे भाषांतर भिंगकाकांच्या लहानपणी झालेले. ते कुणी केले हे पुस्तकात कुठेच छापलेले नव्हते. मंडळाचा नियमच तसा होता. शब्द देवाचे, त्यावर माणसाचे नाव कशाला?

नाव छापलेले नसले तरी सगळ्यांना ठाऊक होते, की भाषांतर प्राचार्यांनी केले. कॉलेजचे प्राचार्यपद सोडल्यावर त्यांनी उरलेले आयुष्य ह्या एका पुस्तकाला दिले, असे सगळे सांगत. सगळे म्हणजे एक भिंगकाका सोडून.

त्यांचा संशय फार जुना होता. त्यांचे वडील, अण्णा, ह्याच छापखान्यात मुद्रितशोधक होते. ग्रंथ छापायला घेतला त्या वर्षी अण्णा संध्याकाळी लांबच लांब कागदांची भेंडोळी घरी आणत. जेवणाच्या टेबलावर ती पसरली जात. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, तिचा आवाज स्वच्छ आणि इंग्रजी पक्के. ती समोर बसून मोठ्याने वाची, अण्णा डोळे मिटून ऐकत आणि मधेच डोळे उघडून पेन्सिलीने खुणा करत. "गप्प बसा, अण्णा ग्रंथाचं काम करतायत," अशी तंबी मिळे. पोराने त्यातून एकच अर्थ काढला, की अण्णा ग्रंथ लिहीत आहेत.

ग्रंथ छापून आला. त्यावर अण्णांचे नाव नव्हते. थोड्याच दिवसांत अण्णांनी छापखाना सोडला आणि एका लाकडाच्या वखारीत कारकुनी धरली. प्रार्थनेच्या दिवशी ते घरच्यांना प्रार्थनागृहापर्यंत सोडत, पण आत पाऊल ठेवत नसत. फाटकापाशी सिगारेट ओढत उभे राहत. का म्हणून विचारले, तर "आत उकडतं" म्हणत. कडाक्याच्या थंडीतसुद्धा.

एवढ्या पुराव्यावर पोराने मनातल्या मनात खटला उभा केला. राबले अण्णा, नाव झाले प्राचार्यांचे, आणि वर मंडळाने अण्णांनाच बाहेरचा रस्ता दाखवला. पुढे अण्णा गेले, ह्या विषयावर तोंडातून अवाक्षर न काढता. आईला विचारले की ती "जुनं काढू नकोस" म्हणून उठून जाई. म्हणजे आईचाही तोंडावर हात. पोरगा मोठा होऊन त्याच छापखान्यात लागला. लोकांना वाटले, मुलगा बापाचे काम पुढे चालवतो आहे. खरे म्हणजे मुलगा पाळतीवर होता.

उभी नोकरी पाळत ठेवूनही हाताला काही लागले नाही. ग्रंथ दर वेळी जुन्याच पानांचे फोटो काढून छापला जाई, त्यामुळे तो वाचून तपासायची वेळच आली नव्हती. आता निवृत्ती तोंडावर आली आणि मंडळाने ग्रंथाची नवी, अक्षरे पुन्हा जुळवलेली आवृत्ती काढायचे ठरवले. शिवाय चिटणिसांनी सभेत जाहीर केले, की ह्या वेळी जुना नियम बाजूला ठेवून सुरुवातीच्या पानावर भाषांतरकाराचे नाव घालायचे. प्राचार्यांचे.

छापलेल्या गोष्टीवर लोक किती डोळे झाकून विश्वास ठेवतात, हे भिंगकाकांइतके कुणाला माहीत असणार? अण्णांचे नाव त्या पानावर यायचे असेल तर ते आत्ताच. नाही तर कधीच नाही.

ते कामाला लागले. एका हाताला जुना ग्रंथ, दुसऱ्या हाताला नवी प्रुफे. वाचताना ओळीखाली लोखंडी पट्टी धरायची आणि एकेक ओळ खाली सरकायचे, ही त्यांची रीत. पान संपले की तीच पट्टी उभी करून डाव्या कडेला लावायची आणि ओळी सरळ रेषेत सुरू होतात की नाही ते पाहायचे. आजकाल ह्याची गरज नव्हती, यंत्रच कडा सरळ ठेवते. पण यंत्रावर विश्वास ठेवतील तर ते भिंगकाका कसले?

एके दुपारी ते एका स्तोत्रापाशी आले. हे स्तोत्र प्रार्थनागृहात नेहमी म्हटले जाई आणि ते नेहमी अडखळत म्हटले जाई. त्याच्या ओळी चमत्कारिक तुटलेल्या होत्या. वाक्य रंगात आले की ओळ संपे. लहानपणापासून सगळ्यांना सवय झालेली, त्यामुळे कुणी तक्रार करत नसे. पान वाचून झाल्यावर भिंगकाकांनी जुन्या ग्रंथाच्या पानावर पट्टी उभी केली आणि नजर वरून खाली सोडली.

ओळींची पहिली अक्षरे एकाखाली एक. त्यांनी ती एकदा वाचली. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचली. मग भिंग काढले.

डाव्या कडेला, वरून खाली, अण्णांचे नाव उभे होते. सबंध नाव, एकही अक्षर न गाळता.

भिंगकाका खुर्चीत मागे टेकले. शेजारी संगणकावर पाने लावणारा ऑपरेटर म्हणाला, "काय काका, सापडली का चूक?"

"चूक नव्हे," काका म्हणाले, "चोरी."

दुसऱ्या दिवशी ते पान घेऊन ते चिटणिसांच्या खोलीत गेले. चिटणीस गोल चेहऱ्याचे, गोड बोलणारे गृहस्थ होते, आणि ह्या दोन्ही कारणांसाठी भिंगकाकांना ते संशयास्पद वाटत.

"हे वाचा. आडवं नको, उभं वाचा."

चिटणिसांनी मान वाकडी केली. "अरेच्चा! गंमतच आहे. योगायोग म्हणायचा."

"योगायोगानं आडनावासकट?"

"म्हणजे तुमचं म्हणणं काय?"

"म्हणणं स्पष्ट आहे. ज्यानं लिहिलं त्यानं सही करून ठेवली. नाव छापणार नाहीत हे अण्णांना माहीत होतं, म्हणून त्यांनी ते आत लपवलं. भाषांतर अण्णांचं आहे."

चिटणिसांनी खुर्ची जरा मागे घेतली. "काका, तुमचे वडील मुद्रितशोधक होते. प्राचार्यांना मूळ भाषा येत होती. तुमच्या वडिलांना येत होती का?"

"येत नव्हती हे कशावरून?"

"आता ह्याला काय म्हणायचं?" चिटणीस हसले. "बरं, असं करू. मंडळाची सभा पुढच्या आठवड्यात आहे. तोवर ते नावाचं पान थांबवतो. तुम्ही आणखी काही आणा. एका स्तोत्रावर मला सभेत उभं राहता येणार नाही. आणि हो, प्राचार्यांच्या मुलीला मी काय सांगू? नाव छापणार म्हणून त्या किती खूश होत्या."

"त्यांना काही सांगू नका."

"का?"

"सावध होतील."

परत येऊन त्यांनी ऑपरेटरला हुकूम सोडला, "ह्या स्तोत्राला हात लावायचा नाही. ओळी जुन्या पुस्तकात आहेत तशाच तोडायच्या."

"काका, नवं पान अरुंद आहे. त्या ओळी मावणारच नाहीत."

"अक्षर बारीक कर."

"सगळं पुस्तक मोठ्या अक्षरात आणि एकच स्तोत्र बारीक? लोक विचारतील."

"विचारू देत. विचारायलाच हवंय त्यांनी."

त्या आठवड्यात भिंगकाकांच्या घरात सुख नव्हते. ग्रंथ जेवणाच्या टेबलावर, पट्टी ताटाशेजारी. एकदा नजरेला चटक लागल्यावर खुणा जिकडेतिकडे दिसू लागल्या. एका अध्यायात प्रत्येक वाक्याचे शेवटचे अक्षर घेतले, मधली दोन सोडली आणि एक उलटे धरले, तर पुन्हा अण्णांचेच नाव निघत होते. दुसऱ्या एका अध्यायात 'सेवक' अशा अर्थाचा शब्द सारखा येत होता. सेवक कोण? अर्थात अण्णा. एका ठिकाणी तर चक्क लाकडाचा उल्लेख होता.

"पण वखारीत तर ते ग्रंथ छापून झाल्यावर गेले," काकू म्हणाल्या.

"त्यांना आधीच कल्पना आली असेल."

काकूंनी कपाळाला हात लावला. मग शांतपणे पुस्तक स्वतःकडे ओढले, पट्टी घेतली आणि गॅसवरची भाजी करपत होती तिकडे दुर्लक्ष करून बराच वेळ पानांत डोके घातले. अखेर त्या म्हणाल्या, "अहो, हे बघा. दोन अक्षरं सोडायची, एक घ्यायचं. माझ्या मधल्या मावशीचं नाव निघालं."

"काहीतरीच."

"काहीतरीच कसं? तुमच्याच पद्धतीनं काढलंय. ग्रंथ माझ्या मावशीनं लिहिला. बिचारी सातवी पास होती, पण लपवून ठेवलं तिनं शेवटपर्यंत."

"थट्टा करतेस?"

"नाही हो. सभेत मांडा ना. म्हणावं, दोन लेखक होते."

आतल्या खोलीत भिंगकाकांची म्हातारी आई पलंगावर पडून होती. ती हे सगळे ऐकत होती, पण हसली नाही. भिंगकाकांच्या ते लक्षात आले. आई ऐकते आणि हसत नाही, म्हणजे इथे काहीतरी पाणी मुरते आहे, अशी नोंद त्यांनी मनात केली.

मावशीच्या नावाने मात्र ते थोडे हलले. रागारागाने त्यांनी बाकीच्या खुणा एकेक करून तपासल्या, दुसऱ्याचे पान तपासावे तशा. एकही टिकली नाही. सगळ्यांत कुठेतरी ओढाताण होती, कुठे अक्षर सोडलेले, कुठे उलटे धरलेले. पण ते स्तोत्र टिकले. तिथे काही सोडावे लागत नव्हते, काही उलटावे लागत नव्हते. नाव सरळ उभे होते. ते कुणीतरी मुद्दाम उभे केले होते, ह्यात शंकाच नव्हती.

शेवटी ते प्राचार्यांच्या मुलीकडे गेले. शत्रूच्या गोटात जाऊन खडा टाकून पाहावा, असा विचार. ही बाई वाचनालयात नोकरी करून निवृत्त झालेली, भिंगकाकांपेक्षा थोडी मोठी, एकटी राहणारी. सगळे तिला ताई म्हणत. तिने दार उघडले, खुर्ची पुढे केली आणि सरळच म्हणाली, "चिटणिसांचा फोन आला होता. तुम्ही माझ्या बाबांना चोर म्हणता, असं कळलं."

खडा टाकायच्या आधीच पाणी ढवळलेले. भिंगकाकांनी मनातल्या मनात चिटणिसांना एक शिवी दिली.

"मी पुरावा दाखवतो," ते म्हणाले आणि त्यांनी पान पुढे ठेवले. पट्टीसुद्धा बरोबर आणली होती.

ताईंनी वरून खाली वाचले. त्या चकित झालेल्या दिसल्या. पण घाबरल्या नाहीत, आणि हेच भिंगकाकांना खटकले.

"हे स्तोत्र," त्या हळूच म्हणाल्या. "बाबा ह्याच्यावर शेवटपर्यंत चिडायचे. म्हणायचे, सगळं पुस्तक माझं आहे, हे एक पान माझं नाही."

"बघा! स्वतःच कबूल केलं."

"अहो, तसं नाही. शब्द त्यांचेच. 'माझं वाक्य असं तुटलेलं नव्हतं' म्हणायचे. छपाईच्या वेळी ते आजारी होते, दवाखान्यात. बरे होऊन आले तोवर पुस्तक छापून बांधून तयार. मंडळ म्हणालं, आता बदलता येणार नाही. प्रार्थनेत लोक अडखळले की बाबा मान खाली घालायचे. मला म्हणायचे, लोकांना वाटतंय मला इंग्रजी येत नाही."

"हे तुम्ही आत्ता रचून सांगत नाही, हे कशावरून?"

ताईंचा चेहरा बदलला. "तुमच्या वडिलांचं नाव आतल्या एका पानावर तरी आहे. माझ्या बाबांचं कुठंच नाही. सबंध ग्रंथात एक अक्षर नाही. मी एवढीच वाट बघत राहिले, की मी डोळे मिटण्याआधी ते एकदा छापलेलं बघावं. आता तुम्ही म्हणता तर तेही नको. पण एक करा. हे स्तोत्र मला मोठ्यानं वाचून दाखवा."

"कशाला?"

"वाचा तर."

भिंगकाकांनी वाचले. पहिल्या ओळीला अडखळले, दुसरीला अडखळले. तिसऱ्या ओळीच्या शेवटी त्यांचा श्वास नको तिथे तुटला आणि पुढचा शब्द घशात अडकला.

"ज्यानं ही वाक्यं रचली," ताई म्हणाल्या, "तो ती अशी तोडेल का?"

भिंगकाका पान घेऊन बाहेर पडले. ताईंनी दार लावल्याचा आवाज त्यांनी ऐकला. रस्ताभर ते स्वतःशी भांडत होते. बाई हुशार आहे. बोलण्यात गुंगवते आहे. पण त्यांच्यातला मुद्रितशोधक वेगळेच काही सांगत होता. कवितेची ओळ पानाच्या रुंदीत मावली नाही, तर ती कुठे तोडायची हे लेखक ठरवत नाही, अक्षरे जुळवणारा जुळारीही ठरवत नाही. निदान ह्या छापखान्यात तरी नाही. इथला रिवाज असा, की मुद्रितशोधकाने स्तोत्र मोठ्याने वाचवून घ्यायचे, कान देऊन ऐकायचे आणि वाचणारा जिथे श्वास घेईल तिथे पेन्सिलीने खूण करायची. ओळ तिथे तुटते, आणि पुढची ओळ कोणत्या अक्षराने सुरू होणार हेही तिथेच ठरते. हा रिवाज त्यांना अण्णांच्या हाताखाली तयार झालेल्या माणसाने शिकवला होता. ते स्वतः रोज तेच करत. आणि तरीही हे इतके दिवस सुचले नाही. सुचले नाही, की सुचू दिले नाही? जगावर संशय घेणाऱ्या त्या माणसाला रस्त्यात उभे राहून पहिल्यांदाच स्वतःचा संशय आला.

घरी आल्यावर चपलाही न काढता ते आईच्या खोलीत गेले. आई खिडकीशी बसली होती. ह्या वेळी त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. "अण्णांना कुणी काढलं?" असे विचारले असते, तर ती उठून गेली असती.

"आई, ते लांब कागद तू वाचायचीस आणि अण्णा त्यांवर खुणा करायचे. त्या खुणा कसल्या होत्या?"

आईने त्यांच्याकडे पाहिले.

"श्वासाच्या," ती म्हणाली. "मी वाचताना थांबले की ते खूण करायचे. म्हणायचे, तुझ्या श्वासावर अख्खा ग्रंथ उभा राहतोय. मी म्हणायचे, मग मला पगार द्या."

"आणि ते एक स्तोत्र?"

आईने साडीचा पदर उगीच सारखा केला. "सापडलं ना तुला? मला वाटलंच. रोज ताटाशेजारी पट्टी घेऊन बसायचास."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"आधी नव्हतं. त्या दिवशी मी थांबायची एकीकडे, ते खूण करायचे दुसरीकडे. मी म्हटलं, अहो इथं कसला थांबा? म्हणाले, तू वाच. मी म्हटलं, इथं माझा श्वास तुटतोय. म्हणाले, तुटू दे. असं कधी बोलले नव्हते. पुन्हापुन्हा वाचायला लावलं, खोडत राहिले, लिहीत राहिले. जमल्यावर लहान मुलासारखे हसले. मला कळेना, ह्यात हसण्यासारखं काय आहे."

"मग?"

"मग छापून आलं. प्रार्थनेला सगळे नवं पुस्तक घेऊन आले. ते स्तोत्र सुरू झालं आणि सगळं सभागृह ठेचकाळलं. म्हातारी माणसं, पोरंटोरं, सगळी. कुणी पुढे, कुणी मागे, नुसता गोंधळ. पुढच्या बाकावर ते प्राचार्य, दवाखान्यातून नुकतेच आलेले, मफलर गुंडाळून. त्यांनी मान खाली घातली. आणि माझ्या शेजारी अण्णा. कानशिलं लालबुंद. बाहेर आल्यावर मला सांगितलं त्यांनी, पट्टी उभी धरून दाखवलं. म्हणाले, सगळे माझ्या नावाला ठेचकाळतायत गं."

भिंगकाका पलंगाच्या कडेवर बसले.

"दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. कुणी काढलं नाही त्यांना. उलट मंडळ नको म्हणत होतं. पण पुन्हा कधी आत बसून ते ऐकायची हिंमत झाली नाही त्यांची."

"मला का नाही सांगितलंस? मी एवढी वर्षं..."

"ते म्हणाले, पोराला सांगू नकोस. आणि तू स्वतःच ठरवून बसला होतास की बापाला लुबाडलं. मी म्हटलं, राहू दे. बापाला लुबाडलं असं वाटून मुलगा चिडेल. बापानं दुसऱ्याचं पान लुबाडलं असं कळलं, तर खचेल."

स्वयंपाकघरातून काकू दारात आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या पायांतल्या चपला काढल्या आणि नेऊन बाहेर ठेवल्या.

सकाळी भिंगकाकांनी ऑपरेटरला ते स्तोत्र मोठ्या अक्षरात घ्यायला सांगितले.

"मग ओळी कुठं तोडू?" ऑपरेटरने विचारले. त्या दिवशी हुकूम सोडणारा माणूस आज काय बोलेल, ह्याचा त्याला अंदाज येत नव्हता.

"मी सांगतो. तू वाच."

"मी? काका, माझं इंग्रजी..."

"असू दे. जिथं दम लागेल तिथं थांब."

ऑपरेटरने वाचले. त्याचे उच्चार यथातथाच होते, पण फुप्फुसे चांगली होती. तो थांबला तिथे भिंगकाकांनी खूण केली. नवे पान लागले तेव्हा त्यांनी कडेला पट्टी लावली नाही. नाव गेले, हे त्यांना न बघताच माहीत होते. त्यांनी जुने पान टेबलाच्या खणात ठेवले, खण बंद केला आणि थोडा वेळ हात खणावरच राहू दिला.

सभेच्या दिवशी चिटणिसांनी ताईंनाही बोलावले होते. भांडण होणार ह्या अपेक्षेने सभासद वेळेवर आले होते, जे सहसा होत नसे. भिंगकाका उभे राहिले आणि म्हणाले, की भाषांतर प्राचार्यांचे आहे, त्यात आपल्याला आता शंका नाही. त्या एका स्तोत्राच्या ओळी आपल्या वडिलांनी चुकीच्या जागी तोडल्या होत्या, मुद्दाम, स्वतःचे नाव घालण्यासाठी. ती चूक दुरुस्त केली आहे. एवढे बोलून ते बसले. "मुद्दाम" हा शब्द त्यांना जड गेला, पण त्यांनी तो गिळला नाही.

चिटणिसांनी घसा साफ केला आणि पुढचा विषय घेतला.

सभा संपल्यावर ताई भिंगकाकांच्या टेबलापाशी आल्या. प्राचार्यांच्या नावाचे प्रूफ भिंगकाकांपुढेच पडले होते. ते भिंगातून एकेक अक्षर तपासत होते.

"एक विचारू?" ताई म्हणाल्या. "इतकी वर्षं मंडळानं प्रुफं वाचणाऱ्यांची नावंसुद्धा कधी दिली नाहीत. मी चिटणिसांशी बोलले. खाली बारीक अक्षरात 'पहिल्या आवृत्तीचे मुद्रितशोधक' म्हणून तुमच्या वडिलांचं नाव घालायला त्यांची हरकत नाही."

भिंगकाकांनी भिंग खाली ठेवले आणि त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहिले.

"ह्यात तुमचा काय फायदा?"

"काही नाही," ताई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आले. "अख्खा ग्रंथ त्यांनी नीट केला. एकच पान चुकलं. एका पानासाठी माणसाला किती वर्षं फाटकाबाहेर उभं करायचं?"

म्हणजे हिला फाटकाचेही माहीत होते. आपल्या नकळत ही आईला भेटून आली की काय, असा संशय भिंगकाकांना आला, आणि तो खराही होता. पण त्यांनी तो बोलून दाखवला नाही. ते त्या कागदाकडे पाहत राहिले. वर प्राचार्यांचे नाव होते, आणि खाली बरीच जागा मोकळी होती. अण्णांचे नाव त्या पानावर यावे म्हणून त्यांनी उभी नोकरी काढली होती, आणि आता ते कुणाशी न भांडता मिळत होते.

"नको," ते अखेर म्हणाले.

"का? अजून माझा संशय येतो?"

"तुमचा नाही." त्यांनी पेन्सिल उचलली. "अण्णांनी ते एकदा स्वतःच्या हातानं घातलं आणि मग जन्मभर त्या नावापायी त्यांचे कान लाल होत राहिले. आता कुठं ते मोकळे झालेत. परत कशाला अडकवायचं? तुम्ही बसा. तुमच्या बाबांचं नाव एकदा तुम्ही वाचा. मला सगळं बरोबर वाटतंय, आणि मला सगळं बरोबर वाटलं की मला भीती वाटते."

ताई खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी कागद जवळ घेतला आणि वडिलांचे नाव मोठ्याने वाचले, एकेक अक्षर सुटे करून. भिंगकाका डोळे मिटून ऐकत होते.